स्वयंपाकघराची भिंत

गेल्या दोन वर्षांत आपल्या मंडळातल्या सात-आठ कुटुंबांनी घरं घेतली, आणि आणखी तितकीच दर शनिवार-रविवार घरं बघत हिंडताहेत. अशा मंडळींचा पहिला प्रश्न नेहमी शाळा कुठली हा असतो, दुसरा व्याजाचा दर काय. हल्ली त्यात तिसऱ्याची भर पडली आहे: "ओपन घ्यावं की बंद?" दार उघडल्याबरोबर बैठक, जेवणाचं टेबल आणि शेगडी एका नजरेत दिसणारं घर घ्यावं, की स्वयंपाकघराला चार भिंती आणि एक दार असलेलं जुन्या पद्धतीचं?

या प्रश्नावर नवरा-बायकोत अबोला धरलेला मी पाहिला आहे. सल्ला देणारे पुष्कळ, पण ही भिंत मुळात कुणी बांधली आणि कुणी पाडली हे सांगणारा कुणी भेटला नाही. म्हणून थोडं वाचन केलं. मी रसायनशास्त्रातली, वास्तुशास्त्राशी, त्या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी, माझा संबंध नाही. फोडणीचं काय होतं हे मात्र जरा अधिकाराने सांगू शकेन. ते शेवटी.

सर्वसाधारण समजूत अशी की बंद स्वयंपाकघर म्हणजे जुनं, आपल्या आजीच्या काळचं, आणि उघडं म्हणजे नवं, अमेरिकन. ही समजूत काही खरी नाही. या देशातली पहिली वसाहतवाल्यांची घरं उघडीच होती. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावी फेअरबँक्स हाउस नावाचं लाकडी घर आहे. त्याचं लाकूड १६३७ ते १६४१ च्या सुमाराचं आहे, आणि उत्तर अमेरिकेतलं आज उभं असलेलं सर्वांत जुनं लाकडी सांगाड्याचं घर म्हणून ते दाखवलं जातं. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधल्या घरांत मधोमध विटांचं भलंमोठं धुराडं, त्याच्या एका बाजूला 'हॉल' आणि दुसऱ्या बाजूला 'पार्लर'. पार्लरमध्ये चांगलं सामान आणि घरातला सर्वांत चांगला पलंग. आणि हॉलमध्ये काय, तर चूल! तिथेच शिजवायचं, तिथेच जेवायचं, सूत कातायचं, मुलं सांभाळायची, आल्यागेल्याशी बोलायचं. आपण मुंबईत 'वन रूम किचन' आणि 'वन बीएचके' असे शब्द वापरतो. त्यातला 'हॉल' म्हणजे स्वयंपाकघराच्या विरुद्धची, पाहुण्यांची खोली. मूळचा हॉल मात्र चुलीचाच होता.

मग चूल मागे सरकली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घराच्या पाठीमागे उतरत्या छपराची पडवी काढून स्वयंपाक तिथे नेण्याची रीत वाढत गेली. पैसा आला की चूल पाहुण्याच्या नजरेआड जाते, हे बहुतेक सगळीकडे दिसतं. दक्षिणेकडच्या राज्यांत तर स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीतच गेलं. उन्हाळा आणि आगीची भीती ही कारणं होतीच. पण रांधणारे हात गुलामांचे होते, आणि ते डोळ्यांसमोर नसावेत हेही कारण होतं. व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन पाहायला आपल्यातले बरेच जण आई-वडिलांना घेऊन जातात. तिथे स्वयंपाकाची इमारत अलग आहे आणि मुख्य घराला खांबांच्या आच्छादित वाटेने जोडलेली आहे. त्या मुदपाकखान्यात हर्क्युलिस नावाचा गुलाम आचारी होता. वॉशिंग्टनने त्याला राष्ट्राध्यक्षांच्या फिलाडेल्फियातल्या घरीही नेलं होतं. १७९७ च्या फेब्रुवारीत, नेमका मालकाच्या वाढदिवशी, तो माउंट व्हर्ननहून पळाला तो पुन्हा हाती लागला नाही. पुढच्या खेपेला गेलात तर बाग बघून परत फिरू नका, ती वाटही चालून पाहा.

आपल्याकडचा वाडा आठवा. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर आणि सर्वांत आत, विहिरीजवळ, परसाकडे उघडणारं स्वयंपाकघर. पाहुणा कोण यावर तो कुठवर जाणार हे ठरायचं. कुणी ओसरीवरून परत, कुणी सोप्यापर्यंत, आणि चुलीपर्यंत फक्त घरचे, तेही सोवळ्यात. कोकणातल्या घरात पडवी, ओटी, माजघर असाच क्रम. तेव्हा भिंत आपल्याकडेही होती. धूर हे तिचं एक कारण होतं आणि जातपात दुसरं. ज्यांना ओसरीही नव्हती त्यांच्या घरी भिंतीचा प्रश्नच नव्हता. १९२० च्या दशकात सरकारने मुंबईत बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली असायची १६० चौरस फुटांची. एका कोपऱ्यात मोरी, एका कोपऱ्यात शेगडी, मधे सगळा संसार. त्याला कुणी 'ओपन प्लॅन' म्हटलं नाही.

परत अमेरिकेकडे. एकोणिसाव्या शतकात बिडाच्या चुली आल्या, शहरांत आयरिश मुली घरकामाला मिळू लागल्या, आणि मध्यमवर्गीय घरातही स्वयंपाकघर तळघरात किंवा मागच्या अंगाला गेलं. बड्या घरांत जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधे एक अरुंद पँट्री असे, तिला दोन्हीकडे झुलती दारं. एक बंद झाल्यावर दुसरं उघडायचं, म्हणजे कोबीचा वास आणि मोलकरणींचं बोलणं पाहुण्यांपर्यंत पोचत नसे. आमच्या प्रयोगशाळेत विषारी वायूंच्या खोलीला अशीच दोन दारं असतात. कोबीला हा मान मिळालेला पाहून गंमत वाटली.

या सगळ्यात एका बाईंचं पुस्तक मला विशेष आवडलं. कॅथरिन बीचर यांनी आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो हिच्यासह १८६९ मध्ये 'द अमेरिकन वुमन्स होम' प्रसिद्ध केलं. हॅरिएट म्हणजे 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी. कॅथरिनबाई स्वतः अविवाहित. पण नोकराशिवाय घर कसं चालवावं याचा इतका बारीक विचार त्यांच्याआधी फारसा कुणी केला नव्हता. आगबोटीवरचा खानसामा इवल्याशा जागेत शेकडो माणसांचं जेवण रांधतो, मग घरातल्या बाईने मैलभर का चालावं, असा त्यांचा सवाल. त्यांनी ओटा, पिठाचे डबे, भांडी धुण्याची जागा सगळं हाताच्या टप्प्यात आणलं. आणि चूल? ती शेजारच्या लहान खोलीत, मधे काचेची सरकती दारं. उष्णता आणि वास अडतो, उजेड मात्र येतो. त्याच पुस्तकात चाकांवरचा एक भलामोठा पडदाही आहे. मागच्या बाजूला कपाट असलेला तो पडदा ढकलून एका मोठ्या खोलीच्या हव्या तशा दोन खोल्या करायच्या. उघडं की बंद, या प्रश्नाचं 'जेव्हा जसं हवं तसं' हे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी छापून झालेलं आहे. ते फारसं कुणी घेतलं नाही, कारण तोवर मोलकरणी स्वस्त होत्या.

भिंती पाडण्याचं श्रेय साधारणपणे फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाला देतात. १९०१ च्या फेब्रुवारीत 'लेडीज होम जर्नल' या बायकांच्या मासिकात त्याने एका घराचा आराखडा छापला. त्यात बैठक, जेवणघर आणि वाचनाची जागा एका ओळीत, मधे दारं नाहीत. शिकागो विद्यापीठाच्या आवारातलं १९१० चं रोबी हाउस हे त्याच पठडीतलं. बैठक आणि जेवणाची जागा हा एकच लांब दिवाणखाना, मधे फक्त शेकोटीची चिरेबंदी. पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. पण स्वयंपाकघर कुठे? मागच्या भागात, नोकरांच्या खोल्यांना लागून. राइटने पुढे आपल्या या कल्पनेविषयी लिहिताना सगळा खालचा मजला एक खोली मानला आणि स्वयंपाकघर तेवढं 'प्रयोगशाळा' म्हणून अलग काढलं. मी रोज प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे शब्द कानाला गोड लागला. पण अर्थ असा, की पुरुषमंडळी आणि पाहुणे बसतात तेवढ्याच भिंती त्याने पाडल्या होत्या.

स्वयंपाकघराची भिंत पडली ती तत्त्वज्ञानाने नव्हे, मोलकरीण गेल्यामुळे. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत बायकांना कामं मिळू लागली, १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी युरोपातून येणारा लोंढा आटला, मग आली मंदी. मिनिॲपोलिसला विद्यापीठात काम करणारे माल्कम विली आणि त्यांची पत्नी नॅन्सी हे साधं मध्यमवर्गीय जोडपं. नॅन्सीने १९३२ मध्ये सरळ राइटला पत्र टाकलं, आमच्यासाठी घर कराल का म्हणून. पहिला आराखडा परवडेना, दुसरा १९३४ मध्ये बांधला गेला. या घरात मालकीणच रांधणार होती. तेव्हा राइटने स्वयंपाकाची जागा बैठकीला जोडली. मधे भिंत नाही, काचा आणि फळ्या, म्हणजे रांधणारीला जेवणाच्या टेबलाशी चाललेलं बोलणं ऐकू यावं आणि तिनेही बोलावं. त्या जागेला 'किचन' हा शब्दसुद्धा त्याने ठेवला नाही, 'वर्कस्पेस' म्हटलं.

त्यानंतरचं, १९३७ चं, विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन इथलं जेकब्ज यांचं घर. हर्बर्ट जेकब्ज पत्रकार, पगार बेताचा. ते साडेपाच हजार डॉलरांत झालं. स्वयंपाकाची जागा घराच्या पोटात, शेकोटीच्या पाठीशी, आणि तिचं छत इतर खोल्यांपेक्षा उंच, वरच्या बाजूला खिडक्या. गरम हवा आणि वास वर चढतील आणि तिथून बाहेर जातील, हा हिशेब. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे, मात्र वरची खिडकी उघडी पाहिजे. विस्कॉन्सिनच्या जानेवारीत ती कोण उघडणार? हे घर आणि रोबी हाउस, दोन्ही २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

त्याच सुमारास जर्मनीत बरोबर उलटं चाललं होतं. तेही सांगितलं पाहिजे, कारण बायकांच्या सोयीचं म्हणून भिंत बांधणारीही एक बाईच होती. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की हिने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डायनिंग कारचा नमुना समोर होता, आणि क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंच्या, पावलं मोजून काम वाचवण्यावरच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतरही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पावलं खरोखरच वाचली. पण ज्या कामगार कुटुंबांना मोठ्या, ऊबदार स्वयंपाकघरात एकत्र बसायची सवय होती, त्यांच्या बायका एकट्या पडल्या. दुसऱ्या माणसाला आत उभं राहायला जागाच नव्हती, मग मदत कोण करणार? सरकतं दार होतं, मुलांवर लक्ष ठेवता यावं म्हणून. ते उघडं राहिलं असेल तेवढाच दिलासा.

महायुद्धानंतर अमेरिकेत घरांचा दुष्काळ होता. लेव्हिट कंपनीने १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत कारखान्याच्या पद्धतीने घरं उभी केली, १९५१ पर्यंत सतरा हजारांवर. पहिलं घर ७५० चौरस फुटांचं, आणि त्यात स्वयंपाकघर चक्क रस्त्याच्या बाजूला, पुढे आणलेलं. १९४९ च्या ७,९९० डॉलरांच्या नमुन्यात बैठक मागे बागेकडे गेली आणि तिच्यात नि स्वयंपाकघरात शेकोटी तेवढी राहिली. जागा लहान असली की भिंत परवडत नाही, हे बीडीडी चाळीतलंच गणित. फक्त इथे त्याला जाहिरात मिळाली.

या घरांच्या सुरुवातीच्या भाडेकरारात एक कलम होतं. कॉकेशियन वंशाच्या माणसांखेरीज कुणी या घरात राहू नये; घरकामाचे नोकर असतील तर मात्र चालतील! म्हणजे आपल्यासारखी माणसं त्या उघड्या स्वयंपाकघरात भांडी घासू शकली असती, टेबलाशी बसू शकली नसती. 'आम्हीही कॉकेशियनच' असं म्हणायची सोयही नव्हती, कारण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशशास्त्र काही म्हणो, हिंदी माणूस 'गोरा' नाही असा निकाल दिलेला होता. पुढे करारातून ते कलम गेलं, तरी व्यवहार बदलायला फार काळ लागला. कॅलिफोर्नियातल्या जोसेफ आइक्लरचं नाव म्हणून मुद्दाम घेते. राइटच्याच एका घरात तो काही काळ भाड्याने राहिला होता, त्यावरून त्याला घरं बांधायची हौस लागली. काच, लाकूड आणि अंगणाची सुमारे अकरा हजार घरं त्याने बांधली, स्वयंपाकघर कुटुंबाच्या खोलीत मिसळलेलं. ती घरं तो कुठल्याही वंशाच्या माणसाला विकत असे. बिल्डरांची राष्ट्रीय संघटना या बाबतीत ठाम भूमिका घेईना, तेव्हा १९५८ मध्ये त्याने राजीनामा दिला.

यामागे एक साधी तांत्रिक गोष्टही आहे. पूर्वी छपराचा आणि वरच्या मजल्याचा भार मधल्या भिंतींवर असे. १९५५ मध्ये फ्लोरिडातल्या कॅल्विन ज्युराइट या इंजिनियरने दातेरी पत्र्याची एक पट्टी काढली. लाकडाच्या सांध्यावर ती दाबून बसवली की खिळे नकोत. मग छपराच्या त्रिकोणी कैच्या कारखान्यात तयार करून आणता येऊ लागल्या आणि त्या बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत एका झेपेत टेकू लागल्या. आतल्या भिंती नुसते पडदे झाले. पडदा पाडायला कितीसा वेळ!

पुढचं आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. फॅमिली रूम आली, मग 'ग्रेट रूम'. बायका नोकरीला गेल्या. संध्याकाळी साडेसहाला घरी येऊन कुकर लावणं, मुलाचा गृहपाठ आणि धाकट्याचं रडणं एकाच वेळी सांभाळायचं तर एकाच खोलीत सगळं असलेलं बरं, यात खोटं काय आहे? नव्या घराची सरासरी १९७३ मध्ये १,६६० चौरस फूट होती, ती २०१५ मध्ये २,६८७ वर गेली. म्हणजे जागा नाही म्हणून भिंत नको, हे कारण केव्हाच संपलं. आता मोकळेपणा ही हौस आहे. २०२० मध्ये साथीमुळे घरातच दोन ऑफिसं आणि एक शाळा भरू लागली, तेव्हा मात्र अनेकांना दारांची आठवण झाली. आमच्याकडे माझी मीटिंग चालू असताना नवरा मिक्सरवर चटणी वाटायला घेई. मोकळ्या घरात मिक्सरला कुठेही लपता येत नाही.

आता आपला खास प्रश्न. १९६५ चा कायदा झाल्यावर आपली माणसं मोठ्या संख्येने इथे आली, आणि त्यांना मिळाली ती या इतिहासातून तयार झालेली घरं. उकडणं आणि भाजणं डोळ्यांसमोर ठेवून आखलेली, खमंग फोडणी नव्हे. मुलांच्या कोटाला वास येतो म्हणून शाळेत कुणी काही बोललं, हे आपल्यातल्या किती घरांत झालंय ते मी सांगायला नको. कित्येक आयांनी त्यानंतर हिंग बंद केला. तेव्हा वासाकडे लाजेने न बघता जरा शास्त्राने बघू.

फोडणीतून दोन निरनिराळ्या गोष्टी हवेत जातात. एक, वाफरूप रेणू: हिंगातली गंधकयुक्त द्रव्यं वगैरे. ती इतकी थोडी असली तरी नाकाला कळतात. दुसरी, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. मोहरी तडतडते म्हणजे दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन साल फुटतं आणि सोबत तेल उडतं. मोठे थेंब ओट्यावर आणि कपाटांवर बसतात, तोच तो चिकट थर. बारीक थेंब तासन् तास तरंगतात. मिरची जळली की घरभर ठसका लागतो तोही तिचा तिखटपणा अशाच कणांवर स्वार होऊन आल्यामुळे. लोकर, गालिचा, सोफ्याचं कापड हे सगळं वासाचे रेणू धरून ठेवतं आणि पुढे सावकाश सोडतं. म्हणून सोमवारचा हिंग बुधवारी कोटाला येतो. कोटांचं कपाट स्वयंपाकघराला लागून असलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांच्या आराखड्याला आमच्या प्रयोगशाळेत कुणी सही दिली नसती.

आणि हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. २०१८ च्या जूनमध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या एका चाचणी-घरात अनेक विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी 'होमकेम' नावाचे प्रयोग केले. त्यात थँक्सगिव्हिंगचं पूर्ण जेवण रांधून हवा मोजली. टर्की, भाज्या, पाय. हिंगाचा कण नाही. तरीही घरातल्या हवेतले सूक्ष्म कण एखाद्या अत्यंत प्रदूषित शहराच्या वाईट दिवसाइतके चढले. सगळ्यांच्याच फोडणीला धूर असतो, आपल्या धुराला ओळखीचा वास आहे इतकंच.

भिंत यात काय करते? भिंत काहीही नष्ट करत नाही. हवा बाहेर काढली जाईपर्यंत पसरणं थांबवते, बस्स. आणि इथल्या घरांत हीटिंगची हवा नळ्यांतून खेळवलेली असते. दार उघडं राहिलं तर परतीची नळी ती हवा ओढून घेते आणि वरच्या बेडरूमपर्यंत पोचवते. म्हणून बंद स्वयंपाकघर पण पंखा नाही, यापेक्षा उघडं स्वयंपाकघर आणि बाहेर टाकणारा चांगला हुड हे केव्हाही बरं. 'बाहेर टाकणारा' यावर जोर आहे. शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला असतो त्यातले पुष्कळसे पंखे हवा जाळीतून फिरवून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतात. जाळी थोडं तेल पकडते, कोळशाचा थर थोडा वास; वाफ आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड जवळजवळ तसेच परत येतात. मागच्या शेगडीवरचा धूर हुड अधिक चांगला ओढतो, पुढच्या शेगडीवरचा बराच निसटतो. तेव्हा कढई मागे, दूध पुढे. आपण नेमकं उलटं करतो. हुडची मर्यादाही ओळखा. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारा असेल तर बाहेरून तेवढीच हवा आत यायची सोय अनेक ठिकाणच्या बांधकाम नियमांत मागितलेली असते. नाहीतर घट्ट बंद घरात तो पंखा पाणी तापवायच्या यंत्राचा कार्बन मोनॉक्साइडसुद्धा उलटा आत ओढू शकतो.

वासाचं हे झालं. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या कुणाकडेही गणपतीला किंवा पॉटलकला जा. बंद स्वयंपाकघर असेल तर तासाभरात सगळ्या बायका आत, पुरुष बाहेर. यजमानीण पोळ्या संपेपर्यंत बाहेर येत नाही, आणि बाहेर क्रिकेट, ग्रीन कार्ड, मग पुन्हा क्रिकेट. मोकळ्या घरात निदान ती संभाषणात असते, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे ती एकटी काम करते आहे हे सगळ्यांना दिसत असतं. दिसल्यावर कुणीतरी उठतं. नेहमी नाही, पण उठतं. दुसरीकडे एका काकूंनी मला सांगितलं ते मी विसरलेले नाही: "अगं, दार लावून तासभर कोणी मला काही विचारत नाही, तेवढाच माझा वेळ." त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सासू-सासरे सहा महिने आले असतील, घर भरलेलं असेल, तर बंद होणारं दार ही चैन नव्हे. देव्हारा स्वयंपाकघरात असणाऱ्यांनाही तेच.

आता कॅनडात आणि इथेही काही बिल्डर 'स्पाइस किचन' नावाची दुसरी, मागची, बंद खोली देऊ लागले आहेत. पुढचं स्वयंपाकघर दगडी ओट्याचं, चकचकीत, पाहुण्यांना दाखवायचं, मागचं तळणाचं. बघणाऱ्याला सोय वाटते, आणि आहेच. पण ही पँट्रीची झुलती दारंच परत आलीत, फक्त या वेळी आतली मोलकरीण आणि बाहेरची मालकीण एकच बाई आहे. मला विचाराल तर दुसऱ्या स्वयंपाकघराचे पैसे वाचवून कॅथरिनबाईंची काचेची सरकती दारं बसवावीत. एरवी उघडी, फोडणीला पाच मिनिटं बंद, मुलं दिसतात, आणि मीटिंगही होते.

जुनं घर घेऊन भिंत पाडायचा विचार असेल तर आधी इंजिनियर, मग परवाना, मग हातोडा. दुमजली जुन्या घरात मधल्या भिंतीवर वरचा मजला टेकलेला असण्याची शक्यता बरीच. ती काढायची तर तुळई घालावी लागते आणि खर्च एकदम वाढतो. भिंतीच्या पोटात नळ, वायरी आणि हीटिंगच्या नळ्या असतात, त्याही हलवाव्या लागतात. १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या. घरात रांगतं मूल असेल तर हे विसरूच नका.

आणि घर बघायला जाल तेव्हा एजंट ओट्याच्या दगडाचं कौतुक करत असताना शेगडीच्या वरचं कपाट उघडा. आत पत्र्याची नळी वर छपराकडे किंवा मागच्या भिंतीतून बाहेर जाताना दिसली पाहिजे. मग बाहेर जाऊन तिचं तोंड कुठे आहे तेही बघा. पंखा लावायला सांगा आणि त्या तोंडाची झडप हलते का ते पाहा. नळी नसेल तर ती घालायला किती खर्च येईल ते विचारून घ्या, आणि तो आकडा हातात घेऊनच किमतीचं बोलायला बसा.